कललेलं ताडासन

शिक्षकाला विद्यार्थी म्हणून बसवणं म्हणजे सासूला पुन्हा सून म्हणून नांदायला लावणं. ज्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांना 'पाठ ताठ, खांदे सैल' सांगितलं, त्याला कोणी 'तुझे खांदे सैल कर' म्हटलं की ते हमखास कानाला जाऊन चिकटतात. रत्नागिरीत योगशिक्षकांसाठी आठवडाभराचा उजळणी वर्ग भरणार, पारंपरिक योग पुन्हा मुळापासून घोटून घेणार, हे कळलं तेव्हा माझेही चिकटले. त्यात शिकवणार कोण, तर रुचिरा! धनावडे सरांच्या वर्गाला माझ्या शेजारच्या चटईवर असायची आणि शवासनात खुशाल घोरायची, ती रुचिरा. पुढे बाहेरगावी जाऊन बरंच शिकली, आता शिक्षकांना शिकवते. शिकवो बापडी, पण मला?

मी सखू. शहरात एका देवळाच्या सभामंडपात बायकांचा वर्ग घेते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. मला विचाराल तर लोकांचेच कान हळवे आहेत.

वर्गाला जायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण मग सानवीचा फोन आला. सानवी माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. गणपतीपुळ्याला एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांना सकाळी योग शिकवते. आदल्या रात्री मोदकांवर आडवा हात मारून आलेले पाहुणे समुद्रासमोर पोट आत घ्यायची खटपट करतात, असा तो वर्ग. पण पोरगी गुणाची, त्यांनाही हसत हसत वाकवते. गेल्या वर्षापासून मात्र तिची मान आणि डावा खांदा धरायला लागला होता. शेक झाले, तेलं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, हात वर करणं बंद. योगशिक्षिकेने हात वर करायचे नाहीत म्हणजे भटजीने तोंड मिटून सत्यनारायण सांगण्यापैकी.

"ताई, या वर्गात काही उपाय सापडला तर बघते," ती म्हणाली. "नाहीतर मॅनेजर म्हणतोय रिसेप्शनला बस. बसेन तिथे."

तिचं ते 'बसेन तिथे' मला काही केल्या गिळवेना. आणि त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली, की धनावडे सरही येतायत. संयोजकांनी त्यांना उद्घाटनाला बोलावलं होतं. सरांनी निरोप धाडला, "दिवा कोणीपण लावील. मला फक्त एक चटई ठेवा." पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, जिल्ह्यातल्या निम्म्या योगशिक्षकांचा गुरू, आपल्याच विद्यार्थिनीपुढे शिकायला बसणार म्हटल्यावर माझा तोरा किती वेळ टिकणार? मी मुकाट पिशवी भरली.

भागोजी धनावडे सर संगमेश्वराकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या पडवीत पहाटे गावकऱ्यांना योग शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर शहरात आले ते आम्हाला घडवायला; आता पुन्हा गावीच असतात. त्यांची शिकवायची एक रीत होती. हल्लीचे शिक्षक विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभे राहतात आणि 'उजवा हात वर' म्हणत स्वतः डावा वर करतात, मग निम्मा वर्ग इकडे आणि निम्मा तिकडे. सरांना हा गोंधळ मान्य नव्हता. वर्गाची सुरुवात ताडासनाने व्हायची, आणि तेव्हा सर आमच्याकडे पाठ करून, पूर्वेला तोंड करून उभे राहायचे. त्यांचा उजवा तोच आमचा उजवा. त्यांचे डोळे मिटलेले. आम्ही किलकिल्या डोळ्यांनी त्यांची पाठ बघून हुबेहूब तसं करायचो. पुढची आसनं बसून किंवा झोपून. तेव्हा मात्र सर एकेकाजवळ येऊन बोटाने मणका मणका दाखवायचे. वर्गात आरसा नाही, फोटो नाही. "आरशात सदरा दिसतो," म्हणायचे. "अंग आतून बघायचं असतं." असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

भाट्याच्या खाडीजवळच्या एका शाळेचं सभागृह वर्गासाठी घेतलं होतं. पहिल्या सकाळी जलनेती. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुताना सगळे शिंकत होते, फक्त बुरोंडीचा सागर मजेत होता. "आमच्या सात पिढ्यांचं नाक खाऱ्या पाण्यातच हाय," म्हणाला. हा मच्छीमाराचा मुलगा. होड्यांवर राबून कंबर गेलेल्या माणसांना योग शिकवतो. आठवडाभर सात्त्विक जेवण आहे हे कळल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला.

रुचिरा आली ती थेट सरांच्या पाया पडायला वाकली. सरांनी पाय मागे घेतले.

"वर्गात नाय," ते म्हणाले. "इथे तुम्ही बाई. सुरू करा, बाई."

शाळेतली पोरं म्हणतात तसं 'बाई' म्हणाले, अगदी सहज. रुचिराचे कान लाल झाले. माझ्या मनात तिच्याविषयी जी काही अढी होती ती तिथे निम्मी गळून पडली; सर जिला बाई म्हणतात तिला मी कोण नाक मुरडणारी?

तिने सगळ्यांना डोळे मिटून ताडासनात उभं केलं. हात जोडून डोक्यावर, टाचा वर. मग ती आमच्यामधून फिरू लागली. तिची पावलं ऐकू येत होती. ती एकदा थांबली, पुन्हा चालली, पुन्हा थांबली, आणि मग आवाजच बंद झाला. मी एक डोळा उघडून पाहिलं. रुचिरा भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

दुपारी कुळथाची पिठी आणि भात खाऊन सर बाकावर आडवे झाले, तेव्हा तिने आम्हा जुन्या मंडळींना मागच्या कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यापाशी बोलावलं.

"आपण सगळे ताडासनात मान उजवीकडे कलती धरतो," ती म्हणाली. "आणि डावा खांदा कानाकडे ओढतो. आंजर्ल्याचे, बुरोंडीचे, पुळ्याचे, सगळे. माडाची बाग एका वाऱ्याने कलावी तसे. मी पण तशीच करायचे. बाहेर शिकायला गेले तेव्हा माझ्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मानेला काय झालंय? ती सवय मोडायला मला वर्ष लागलं. सानवीचा खांदा त्यामुळेच धरलाय, दुसरं काही नाही. आणखी किती जणांची मान दुखते?"

तीन-चार हात आपोआप मानेकडे गेले. त्यांत एक माझा होता.

मला राग आला. "मोडायची कशाला?" मी म्हटलं. "ती सरांची पद्धत आहे. उजवीकडे मान कलती ठेवली की सूर्यनाडी जागी होते."

"हे सरांनी सांगितलं?"

"मग काय मी घरी बसून रचलं?"

"कधी सांगितलं, सखूताई? आठवून सांगा."

मी आठवायला लागले. बाकीचेही. सरांनी श्वासाबद्दल सांगितलेलं आठवत होतं, टाचांबद्दल, पोटाबद्दल. मानेबद्दल एक अक्षर आठवेना. सूर्यनाडीचं कोणी काढलं देव जाणे, मी तर ते माझ्या बायकांना छातीठोकपणे सांगत आले होते. सर कधी बोललेच नव्हते. सर नुसते तसे उभे राहायचे.

आणि मग, नको असताना, मला एक गोष्ट आठवली. वर्ग संपल्यावर सर सदरा घालायचे तेव्हा आधी डावा हात बाहीत सारायचे, हळूच, उजव्या हाताने धरून. मग बाकीचा सदरा. खुंटीवरची पिशवी कायम उजव्या हाताने काढायचे. खांदा आखडलेला माणूस असंच करतो, हे मला माझ्या वर्गातल्या बायका बघून पाठ झालंय. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि ताडासनाशी त्याचा संबंध मी कधी जोडला नव्हता. मी हे बोलून दाखवलं, आणि बोलल्यावर जीभ चावली, कारण रुचिराची बाजू मीच सिद्ध करून दिली होती.

"म्हणजे दुखणं सरांचं, नि पद्धत आपली," सागर म्हणाला. 

मग काय करायचं यावर बोलणं झालं आणि सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. सरांना कळू द्यायचं नाही. आठवडा असाच काढायचा, ते गावी गेले की आपापल्या वर्गात गुपचूप बदलून टाकायचं. या वयात त्यांना सांगायचं का, की तुम्ही अख्खा जिल्हा वाकडा उभा केलात?

"आणि सानवीला मी काय सांगू?" रुचिरा म्हणाली. "ती आठवडाभर सरांसमोर तसंच करणार, तिचा खांदा आणखी धरणार. तिला सरळ कर म्हटलं तर सर विचारतील का म्हणून. त्यांना खोटं सांगू?"

"सरांच्या देखत तोंड उघडलंस तर मी पिशवी उचलून घरी जाईन," मी म्हटलं. आणि मी गेलेच असते.

तिचे डोळे भरून आले. ती आत गेली.

दुसऱ्या सकाळी रुचिराने ताडासन गाळलं. प्रार्थना झाली, ओंकार झाला आणि ती एकदम बैठ्या आसनांवर आली. सरांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. उजवा.

"बाई, ताडासन राहिलं."

"आज नको, सर."

"का? शिकवणाऱ्याने आवडनिवड ठेवू नये, बाई. जेवायला बसल्यावर भात नको म्हणून कसं चालेल?"

आता उपाय नव्हता. रुचिराने आमच्या जोड्या लावल्या. उजळणीचा हा एक खेळच होता. एकाने डोळे मिटून आसन करायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून जे दिसतंय तेवढंच बोलायचं. चूक काढायची नाही, कारण सांगायचं नाही, सुधारायचं नाही. फक्त दिसेल ते. बघायची सवय शिक्षकाला लागावी म्हणून. सरांच्या शेजारची चटई सानवीची होती, म्हणून सरांच्या वाट्याला सानवी आली. रुचिराने जोडी बदलायला पाऊल उचललं, पण सर आधीच सानवीसमोर जाऊन उभे राहिले होते.

सानवीने हात वर केले. दुखलं असणार, तिचा ओठ दाताखाली गेला. सर बराच वेळ बघत राहिले.

"मान उजवीकडे कललीय," ते म्हणाले. "डावा खांदा वर आलाय." आणि मग खेळाचा नियम विसरून म्हणाले, "अशी का धरलीस गो बाय? दुखत नाय?"

"दुखतं, सर," सानवी डोळे मिटूनच म्हणाली. त्या पोरीला आमचं गडग्यापाशी काय ठरलं ते कुठे माहीत होतं? "पण तुमचीच पद्धत आहे ना. सखूताईंनी शिकवली."

मला वाटलं जमीन दुभंगावी. सभागृहात सगळ्यांचे हात जिथल्या तिथे राहिले.

"माझी?" सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रुचिराकडे. मग वर्गासमोर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. "सगळ्यांनी ताडासन करा. मला बघू दे."

सरांनी करा म्हटल्यावर न करणारा आमच्यात कोणी नव्हता. मी हात वर केले आणि सरांना दिसू नये म्हणून मान जिवाच्या आकांताने सरळ धरली. निदान मला तसं वाटलं. शेजारून सागर कुजबुजला, "ताई, मान अजून वाकडीच हाय." खरंच होती. सरळ केली की वाकडी वाटत होती आणि वाकडी होती ती सरळ वाटत होती. इतकी वर्षं अंगात मुरलेलं एका सकाळी कसं जाणार?

सर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेले. मग हळूहळू स्वतःचे हात वर नेले, जोडले, डोळे मिटले.

"बाई," ते म्हणाले, "माझ्यासमोर या. काय दिसतं तेवढंच सांगा."

रुचिरा पुढे गेली. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होते, नको, नको. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

"डावा हात पुरा वर जात नाही, सर. तो उजव्याला मिळावा म्हणून खांदा वर येतो. आणि खांद्याला जागा द्यायला मान उजवीकडे जाते."

सरांनी डोळे उघडले नाहीत. "आंब्यावरून पडलो होतो," ते म्हणाले. "लग्नाच्या आधी. गावच्या हाडवैद्याने बांधलं, बरं झालं म्हणाला. मला वाटलं, बरं झालं."

त्यांनी हात खाली आणले. मी पुढे जाऊन त्यांना बसवायच्या तयारीत होते. मला वाटलं हा माणूस आता खचला. तर सर हसायलाच लागले, खांदे हलेपर्यंत.

"म्हणजे पडलो मी," ते म्हणाले, "नि माना मोडल्या तुमच्या!"

कोणालाच हसू येईना. काही जणी रडत होत्या. सर मात्र हसायचे थांबले आणि रुचिराकडे वळले. "बाई, आता माझ्यासारख्याने ताडासन कसं करायचं ते शिकवा."

"सर, हात जोडायचे नाहीत," रुचिरा म्हणाली. "मान सरळ. डावा जेवढा जातो तेवढाच."

त्यांनी तसं केलं. उजवा हात सरळ आकाशाकडे गेला. डावा कानाच्या जरा वर जाऊन थांबला, कोपरात वाकलेला. आयुष्यभर ज्या आसनाने त्यांनी वर्ग सुरू केला ते आपल्याच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी अर्धवट केलं, आणि तसेच, शांत श्वास घेत, उभे राहिले. मान सरळ होती. लोक गुरूला का मानतात हे मला शिकवायला तेवढं एक आसन पुरलं. मला सरांचा इतका अभिमान वाटला की रुचिरावर धरलेला राग कुठे ठेवला होता तेच आठवेना. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "बरं केलंस." ती म्हणाली, "मी कुठे केलं? सरांनी केलं." तेही खरं होतं.

उरलेले दिवस रुचिराने सानवीचा खांदा अगदी शून्यापासून उभा केला, भिंतीला हात लावून, बोटभर बोटभर. चमत्कार झाला नाही. पण शिमग्यापर्यंत ती पुळ्याला पाहुण्यांसमोर दोन्ही हात वर करून उभी राहायला लागली, आणि रिसेप्शनला दुसरी मुलगी ठेवली.

सर गावी गेलेच नाहीत. वर्ग संपल्यावर ते एसटीने आमच्या एकेकाच्या वर्गाला जाऊ लागले. आंजर्ले, बुरोंडी, पुळे. एका सकाळी माझ्या सभामंडपाच्या पायऱ्या चढले. माझ्या बायकांना नमस्कार करून म्हणाले, "हिला मी चुकीचं शिकवलं, हिने ते तुम्हाला शिकवलं. चूक माझी. आजपासून मान सरळ."

"सर, कशाला चारचौघांत सांगता?" मी पुटपुटले. "मी हळूहळू बदललं असतं."

"हळूहळू बदललंस तर त्यांना वाटेल आधीचं पण बरोबर होतं," ते म्हणाले. "मग दोन्ही पद्धती चालू राहतील."

ते बायकांकडे तोंड करून उभे राहिले आणि ताडासन केलं. उजवा हात पुरा वर, डावा अर्ध्यावर. आणि माझ्या बायकांनी, अगदी भक्तिभावाने, एकजात सगळ्यांनी, उजवा हात पुरा वर नेला आणि डावा कोपरात वाकवून कानाच्या जरा वर धरला.

मी कपाळाला हात लावला. सर मात्र समोरून सगळं बघत होते. ते चटयांमधून चालत पहिल्या रांगेत सोनूबाईंजवळ गेले. मासळी विकून विकून यांचा आवाज अख्ख्या मंडपाला पुरून उरतो, पण त्या वेळी त्या डोळे मिटून गप्प उभ्या होत्या.

"हा हात असा का गो बाय?"

"तुमी केलाव तसाच केलाय," सोनूबाई म्हणाल्या.

"माझा खांदा मोडलेला हाय. तुझा कुठं मोडलाय?"

त्यांनी आपल्या धड उजव्या हाताने सोनूबाईंचं डावं मनगट धरलं आणि सावकाश वर नेलं, त्यांचा स्वतःचा डावा हात तरुणपणापासून जिथे पोहोचला नव्हता तिथपर्यंत.

"दुखतंय?"

"नाय."

"मग इथवर तुझा हाय," सर म्हणाले, आणि पुढच्या बाईकडे वळले.